खरात सरांचे राहिलेले चार आणे

"म्याडम, हंगेरीत मेंढ्या असत्यात का?"

एक्याऐंशी साली जालन्याच्या आमच्या शाळेत मी भूगोलाची शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा मला विचारला गेलेला हा पहिला प्रश्न. विचारणारे शाळेचे हेडक्लार्क होते. मी सह्या करायला ऑफिसात गेले होते, आणि ते टाइपरायटरवर माझं रुजू-पत्र बडवत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं. नव्या नोकरीत परीक्षा घेतायत की काय असं वाटून मी घाईघाईने म्हटलं, "असतात. भरपूर असतात. मोठी माळरानं आहेत तिकडे."

"बराबर," ते म्हणाले. "मला वाटलंच होतं." आणि कागद यंत्रातून ओढून काढून माझ्यापुढे ठेवला. एकही खाडाखोड नव्हती.

हे मुंजाजी खरात. ते कधीच शिक्षक नव्हते, पण सगळी शाळा त्यांना खरात सर म्हणायची, कारण संध्याकाळी मस्तगडला ते टायपिंगचा क्लास चालवायचे आणि अर्धं जालना त्यांच्या हाताखालून गेलं होतं. उंच, काटकुळे, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा सदरा. त्यांच्याकडे बघताना नजर मात्र हातांवर जायची. बोटं इतकी लांब की फाइल हातात धरली की बोटं पलीकडून परत दिसायची. ती कधी स्वस्थ नसत. मुख्याध्यापक रागावत असले तरी सरांची बोटं टेबलाच्या कडेवर चालू असायची, आणि मुख्याध्यापकांना वाटायचं की हा आपलं बोलणं टाइप करून घेतोय.

ती बोटं काय करतात हे मला दुसऱ्या आठवड्यात कळलं. आमच्या शाळेला जुना दगडी हॉल होता. कुण्या एका गोऱ्या बाईंनी फार वर्षांपूर्वी तिथे एक पियानो आणला, आणि देश सोडताना तो तिथेच सोडला. सोबत एक रेकॉर्ड प्लेअर आणि एकच एक रेकॉर्ड. हॉलची किल्ली हेडक्लार्ककडे. रोज सकाळी सहा ते आठ खरात सर आतून कडी लावून तो पियानो वाजवायचे, आणि कोणी दार ठोठावलं तर "सफाई चालू हाय" म्हणून सांगायचे. वीस वर्षं चाललेली अशी सफाई दुसऱ्या कुठल्या हॉलच्या नशिबी आली नसेल.

एक दिवस त्यांनी माझ्यापुढे टाइप केलेला कागद ठेवला. रेकॉर्डच्या कव्हरामागचा इंग्रजी मजकूर त्यांनी जसाच्या तसा उतरवला होता, कार्बन घालून, तीन प्रती. "एक तुमाला, एक मला, एक फायलीला. आता याचा अर्थ सांगा." सरांना इंग्रजी टाइप करता यायचं, ताशी कितीही पानं, समजायचं मात्र नाही, आणि समजलंच पाहिजे असा त्यांचा हट्टही नव्हता. मी वाचून सांगितलं. हंगेरीच्या खेड्यापाड्यांत फिरते वाजंत्री ज्या चाली वाजवायचे, त्या एका मोठ्या पियानोवाल्याने ऐकल्या, उचलल्या आणि पियानोवर अशा बसवल्या की भल्याभल्यांची बोटं मोडावीत. आधी संथ, जड पावलांनी, मग चढत चढत अशी लय की श्वास घ्यायला जागा नाही. त्याखाली बारीक अक्षरांत कंपनीचं काहीबाही आणि आकडे होते. "बाकी काही नाही," म्हणून मी ते सोडून दिलं. हे माझं वाक्य वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं. मी स्वतः ते सोयीस्कर विसरले.

सर मात्र खुर्चीत पुढे सरकले होते. "आधी संथ अन् मंग चढत जातं? म्याडम, आमच्या धनगरांची गजी बी अशीच असती. तीर्थपुरीला बाप ढोलाला बसला का आधी असा वाजवायचा, जसं काय त्याला झोप येऊन राह्यली. अन् मंग एकदा चढला का नाचणाऱ्याइले पळता भुई थोडी." त्यांनी कव्हर दाखवलं. माळरान, मेंढरं, आणि खांद्यावरून जाडजूड काहीतरी पांघरलेला काठीवाला माणूस. "ही घोंगडी बघा. हे आपलेच पाव्हणे हायत."

त्या दिवसापासून त्या थोर संगीतकाराला ते 'पाव्हणे' म्हणायला लागले. नाव कधी घेतलं नाही. "पाव्हण्यानं इथं लई अवघड करून ठिवलंय," असं ते म्हणायचे, आणि सासुरवाडीच्या कुणा माणसाबद्दल बोलावं तसा त्यांच्या आवाजात थोडा राग आणि बराच आदर असायचा.

आता त्या प्लेअरबद्दल सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्याच्या एका दांडीवर उभी आहे. त्या दांडीपुढे तीन आकडे होते: तेहतीस, पंचेचाळीस, अठ्ठ्याहत्तर. हे काय, असं मी विचारलं तेव्हा सरांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. टायपिंगच्या परीक्षा तीसच्या स्पीडच्या असतात, मग चाळीसच्या. क्लासमधल्या पोरापोरींना ते वर्षानुवर्षं हेच सांगत आले होते.

"तेहतीस म्हंजे शिकाऊ," ते म्हणाले. "पंचेचाळीस म्हंजे पास झालेले. अन् अठ्ठ्याहत्तर..." त्यांनी एकदा लावून दाखवलं. प्लेअरमधून चिमण्यांचा थवा उठला. "हे माणसाचं काम न्हाई. नुस्तं दाखवायला ठिवलंय."

"तेहतीसवर कसं वाजतं?"

"रटाळ. खालच्या आवाजात, सावकाश. शिकणाऱ्याला समजावं म्हणून. त्याच्यावर शिकलं का बोटं आळशी होत्यात." क्लासमध्येही ते कोणाला हळू टाइप करू द्यायचे नाहीत. मला ते पटलं. मी भूगोलाची.

तर खरात सर पंचेचाळीसवर शिकले. कानाने, एक एक तुकडा, सुई हाताने उचलून परत मागे ठेवत. रेकॉर्डशी सूर जुळेना म्हणून सायकलवाल्याकडून पाना आणून त्यांनी त्या पियानोच्या सगळ्या तारा स्वतः आवळल्या. त्यात एक तार तुटून त्यांच्या भुवईवर बसली, त्याची खूण शेवटपर्यंत होती. रेकॉर्डवर ती चीज सात मिनिटांत संपायची. सरांना आधी चौदा लागायची, मग बारा, मग अकरा. ते वेळ स्टॉपवॉचवर बघायचे, तेच क्लासातलं.

"कुठवर आलंय सर?" मी विचारायची.

"दहा आणे," असं उत्तर यायचं. आमच्याकडे पीक कसं आहे ते आण्यांत सांगतात; सोळा आणे म्हणजे भरलेलं शेत. काही वर्षांनी ते बारा आण्यांवर आले, साडेनऊ मिनिटांवर, आणि तिथे जे अडकले ते अडकलेच. त्यांनी काय काय केलं नाही! तंबाखू सोडली. सकाळी गरम पाण्यात हात बुडवून बसायचे. करंगळीशेजारचं बोट आळशी आहे म्हणून वर्षभर शाळेचे सगळे दाखले त्याच एका बोटाने टाइप केले. त्या वर्षी शाळा सोडून गेलेल्या मुलांना दाखले दिवाळीनंतर मिळाले.

त्यात पियानोही अपुरा. शेवटच्या भागात हात उजवीकडे धावत सुटायचे आणि पट्ट्याच संपायच्या. सर थांबायचे नाहीत. पुढचे सूर ते लाकडावर वाजवायचे, टक टक टक टक, अगदी लयीत. "पाव्हण्यांचा पियानो मोठा असंल," ते म्हणायचे. "आपल्याला मिळाला त्यो लहान." शेवटच्या पट्टीच्या उजवीकडे, लाकडावरचं पॉलिश चार ठिकाणी उडून गेलं होतं.

तुम्ही म्हणाल, या वीस वर्षांत कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही? येणार होतं. एकदा गॅदरिंगला शिपाई नामदेव कुठूनतरी सिनेमाच्या गाण्यांची मोठी रेकॉर्ड घेऊन आला आणि त्याने ती सरांच्या प्लेअरवर लावली. दांडी नेहमीच्या जागी, पंचेचाळीसवर. गाणारा माणूस मांजरीचं शेपूट दारात सापडावं तसा ओरडायला लागला. सगळे सरांकडे बघू लागले. सरांनी शांतपणे सुई उचलली. "हे मशीन फक्त पियानोचं हाय," ते म्हणाले. "गाण्याला चालत न्हाई." आणि आम्ही सगळ्यांनी, विज्ञानाच्या कुलकर्ण्यांसकट, माना डोलावल्या.

सर टाइपही त्याच चिजेच्या लयीत करायचे; मी ऑफिसात बसून टाइपरायटर ऐकायची आणि पाव्हणे आज कुठल्या वळणावर आहेत हे ओळखायची, पण पुरी चीज सरांनी कधी कोणाला ऐकवली नाही. गॅदरिंगला विनवण्या झाल्या, एकदा संस्थेच्या अध्यक्षांनी सांगितलं. सरांचं उत्तर ठरलेलं. राजूरच्या गणपतीला त्यांनी नवस बोलला होता, की सोळा आणे जमल्याशिवाय चारचौघांत वाजवणार नाही. बारा आणे पीक दाखवायला शेतात कोणी पाहुणे बोलावत नाही, असं ते म्हणायचे.

आता गंमत अशी की राजूरला त्यांच्यासोबत त्यांच्या बायकोही गेल्या होत्या. लक्ष्मीवहिनी ठेंगण्या, गोल, बोलायला लागल्या की थांबायचं काम नाही. सरांनी काय मागितलं ते त्यांनी शेजारी उभं राहून ऐकलं, आणि तिथल्या तिथे, त्याच गणपतीपुढे, उलटा नवस बोलल्या. नवरा चारचौघांत वाजवीपर्यंत साखर बंद. चहातसुद्धा.

"म्याडम, सांगा तुमी," त्या मला म्हणायच्या. "गल्लीतल्या बाया इचारत्यात, तुमचे मालक रोज पहाटं कुठं जात्यात? काय सांगू? तीर्थपुरीचे दीर म्हणत्यात, मुंज्याचं डोकं फिरलं. त्याइनं ऐकल्याबिगर त्याइचं त्वांड कसं बंद व्हावं?"

"पण तुमची साखर..."

"मंग! गणपतीनं बी बघावं ना कुणाचं ऐकायचं त्ये."

गणपतीने कोणाचंच ऐकलं नाही. मस्तगडच्या त्यांच्या घरी मी गेले की वहिनी मला कपभर गोड चहा द्यायच्या आणि स्वतः काळपट, कडू चहा पीत समोर बसायच्या. सर मान खाली घालून बशीतला चहा संपवायचे. अठरा वर्षं हे मी पाहिलं. मला त्या माणसाचा कधीकधी फार राग यायचा. चार आण्यांसाठी बायकोचं तोंड कडू करून ठेवायचं, हा कुठला शहाणपणा? एकदा मी तसं तोंडावर बोलले. ते म्हणाले, "म्याडम, बाप ढोल वाजवायचा तवा कुणी म्हणलं न्हाई का ठीक वाजवतो. वाजवला का लोक उठायचेच. मी उठवल्याबिगर कसा वाजवू?"

मग त्यांच्या निवृत्तीचं वर्ष आलं. त्याच वर्षी संस्थेने जुना हॉल पाडून नव्या वर्गखोल्या बांधायचं ठरवलं. पियानोचं लाकूड चांगलं आहे, असं अध्यक्ष दोनदा म्हणाले, यावरून त्याचं काय होणार हे सगळ्यांना कळलं. निरोप समारंभ हॉलमधला शेवटचा कार्यक्रम ठरला. त्या दिवशी सरांनी वाजवलं नाही तर पुढे वाजवायला काही उरणारच नव्हतं. वहिनी माझ्याकडे येऊन पहिल्यांदाच रडल्या. सर म्हणाले, "नवस म्हंजे नवस."

माझी पुण्याची भाची मेधा तेव्हा सुट्टीत आली होती. ती पियानो शिकलेली. मी तिला सकाळी सात वाजता हॉलच्या मागच्या खिडकीखाली नेऊन उभी केली. म्हटलं, हिने तरी त्यांना सांगावं की बारा आणे पुष्कळ झाले.

मेधाने आधी डोळे मिटले, मग उघडले, मग माझा हात धरला. "मावशी, हे कुठे शिकले?"

"इथेच. का? हळू वाजवतात का फार?"

"हळू? बरोब्बर वाजवतायत! पण मूळ सुरापेक्षा केवढं तरी वर. 'सा'च्या जागी 'म' धरून सगळंच उचललंय. असं कोणी मुद्दाम वाजवणार नाही, बोटं गुंततील." तेवढ्यात आतून टक टक टक ऐकू आलं. "आणि हे काय?"

"पट्ट्या संपल्या," मी म्हटलं.

आम्ही दार वाजवलं. "सफाई चालू हाय," आतून आवाज आला. मी म्हटलं, "सर, उघडा." त्यांनी उघडलं. मेधाने नमस्कार केला, प्लेअरकडे पाहिलं, दांडीकडे पाहिलं, आणि हसू दाबायला रुमाल तोंडाशी नेला. मग तिने रेकॉर्ड उचलून मधल्या गोल कागदावरचा बारीक आकडा मला दाखवला. तेहतीस. सरांनी स्वतः तीन प्रतींत टाइप केला होता तो आकडा, आणि "बाकी काही नाही" म्हणून मी सोडला होता. टाइप त्यांनी केलं, वाचलं मी, आणि अठरा वर्षं साखरेशिवाय राहिल्या वहिनी.

मेधाने दांडी तेहतीसवर सरकवली. "त्यो शिकाऊचा हाय," सर म्हणाले. तिने सुई टेकवली.

सर उभ्याउभ्या ऐकायला लागले. आधी कपाळावर आठ्या होत्या. मधे कधीतरी ते बाकावर बसले. शेवटचा वेगाचा भाग आला तेव्हा त्यांची बोटं गुडघ्यावर आपोआप चालू लागली, आणि ती रेकॉर्डच्या पुढेही गेली नाहीत आणि मागेही राहिली नाहीत. चीज संपली. नऊ मिनिटं, सत्तावीस सेकंद. सुई खरखरत राहिली.

"हा तर माझ्यावानीच वाजवून राह्यला," खरात सर म्हणाले.

मग त्यांनी हळूच विचारलं, "म्हंजे सोळा आणे झाल्ते?"

"झाले होते काका."

"कवा?"

साडेनऊ मिनिटांवर ते कधी आले ते आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. सहा वर्षं झाली होती. सरांनी बोटांवर मोजलं, दोनदा मोजलं. "सा वर्सं," ते म्हणाले. "तिची सा वर्सांची साखर." त्यांचे डोळे भरून आले होते. "म्याडम, हे तिला बिलकुल सांगू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉलवरून गेले तर आतून पुन्हा तीच चिवचिव. दांडी पंचेचाळीसवर! मी खिडकीतून डोकावले. "पाव्हण्यांचं झालं," सर खजील होऊन म्हणाले. "पर या मशीनचे चार आणे राह्यलेच ना. अन् सकाळी दुसरं करू काय?"

समारंभाला हॉल भरला. मस्तगडची गल्ली आली, टायपिंगच्या जुन्या पोरी कडेवर पोरं घेऊन आल्या, तीर्थपुरीहून दीर-पुतणे मोठी पागोटी बांधून आले आणि पहिल्या दोन रांगा अडवून बसले. त्यांनी ढोल आणला होता, कशाला ते कोणी विचारलं नाही. वहिनी माझ्या शेजारी. मांडीवर पिशवी, पिशवीत साखरेची पुडी. माझ्या हातात सरांनी स्टॉपवॉच दिलं होतं.

सर बसले. संथ भाग सुरू झाला, आणि मागे कोणीतरी जांभई दिली. दीर एकमेकांकडे बघू लागले. मेधाने त्यांना खालच्या मूळ सुरात वाजवायला सुचवलं होतं, म्हणजे पट्ट्या पुरल्या असत्या. सरांनी ते मानलं नव्हतं. मग लय उचलली. वरच्या वर, आणखी वर. सरांची पाठ ताठ, फक्त मनगटं उडत होती. पहिल्या रांगेतला म्हातारा दीर मांडीवर थाप द्यायला लागला. त्याच्या शेजारच्या पुतण्याने ढोल पुढे ओढला. हंगेरीचे पाव्हणे आणि तीर्थपुरीचे पाव्हणे एकाच लयीत निघाले, हात उजवीकडे धावत सुटले, पट्ट्या संपल्या, आणि लाकडावरचं टक टक टक टक नेमकं ढोलाच्या थापेवर पडलं. म्हातारा उठला. त्याच्यामागे दोन्ही रांगा उठल्या.

"ऐकलंत ना वहिनी?" मी ओरडून विचारलं. "शेवटी ऐकलंत!"

वहिनींनी माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं. "मला काय नवीन हाय म्याडम? मी तं रोजच ऐकते. साडेसातला त्याइचा डबा घेऊन येते, मंग मागच्या खिडकीखाली बसते. त्याइला ठाऊक न्हाई." त्यांनी नाचणाऱ्या दिराकडे बोट केलं. "ह्याइनं ऐकावं म्हणून साखर सोडल्ती."

"पण त्यांचा नवस होता, कोणासमोर वाजवायचं नाही असा."

"चारचौघांत न्हाई. मी काय चारचौघांत येते का?"

टाळ्या थांबेनात. सर घामाघूम होऊन आमच्याकडे आले. "किती?" त्यांनी मला विचारलं. मी घड्याळ दाखवलं. नऊ मिनिटं, दहा सेकंद. रेकॉर्डवाल्याच्याही पुढे गेले होते. त्यांनी ते वहिनींना दाखवलं. वहिनींनी त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नामदेव चहा घेऊन आला होता. वहिनींनी बिनसाखरेचा कप घेतला, पुडी सोडली, चार चमचे साखर घातली, सगळ्यांच्या देखत ढवळली आणि मोठा घोट घेतला.

त्यांचं तोंड वाकडं झालं. "आग्गाई! लई गोड झाला. जाईना."

"मंग बारा आणे टाकायची ना," खरात सर म्हणाले. "एकदम सोळा आणे कामून टाकली?"

वहिनींनी तो कप त्यांच्या हातात दिला, पुडीला नीट गाठ मारून ती पिशवीत ठेवली, आणि नामदेवला दुसरा आणायला सांगितला, बिनसाखरेचा. सर तो गोड चहा पीत त्यांच्या शेजारी बसले. मोकळ्या हाताची बोटं वहिनींच्या खुर्चीच्या लाकडी हातावर चालू होती, आणि वहिनी ऐकत होत्या.